पँटच्या घडीतला भुसा : एका फौंड्रीतलं जुन्या फॅशनचं प्रकरण

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून, म्हणजे बीडाच्या ओतकामाच्या कारखान्यातून, फोन आला, एचआरच्या मॅडमांचा. "सर, एक प्रकरण झालंय. सेफ्टीचं म्हणा नाहीतर ड्रेसकोडचं म्हणा. मी मेल टाकलोय, वाचून या." (बाहेरगावच्या वाचकांसाठी : कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो, टाकलो' असंच बोलतात. मॅडम अस्सल मंगळवार पेठेतल्या.)

मी सोळा वर्षं इथल्या कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला देतो. भट्टीजवळ पाणी साचतंय का, क्रेनच्या साखळ्या कधी तपासल्या, ग्राइंडरला गार्ड आहे का, असल्या गोष्टींसाठी मला बोलावतात. कुणाच्या पँटच्या शिलाईसाठी बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्याची गरजही नाही, कारण यातला अर्धा भाग शिरोलीत, उद्यमनगरात किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठंही घडू शकतो.

प्रकरणाचा नायक पॅटर्न शॉपमधला, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करायच्या विभागातला, डिझाइनर. वय एकोणतीस, शिवाजी पेठेतला. गेली तीन वर्षं हा गडी रोज १९४० च्या दशकातल्या माणसासारखा कपडे करून कामावर येतो. गॅदरिंगला किंवा फोटोपुरता नव्हे, सोमवार ते शनिवार. कंबर बेंबीच्या वर नेणारी पँट, पुढं दोन-दोन चुण्या, बेल्टऐवजी खांद्यावरून गॅलिस, लांब टोकांच्या कॉलरचा शर्ट, थंडीत बिनबाह्यांचा विणलेला स्वेटर. पँटच्या खालच्या टोकाला दोन इंच बाहेर उलटवून कडक इस्त्री केलेली घडी. पायात तपकिरी लेदर सोलचे बूट, नाहीतर कापशी चप्पल. फौंड्रीत त्याला सगळे 'पिक्चर' म्हणतात. "काय पिक्चर, आज शूटिंग कुठं हाय?" हा रोजचा रामराम. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' काढली आणि १९२९ साली प्रभातचा जन्म झाला तो याच गावात. त्यामुळं जुन्या वेशातला माणूस दिसला की कोल्हापूरकराला पहिलं शूटिंगच आठवतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आणि तोही घेत नसे.

हे कपडे जुने आहेत असा समज मात्र पहिल्यांदा दूर केला पाहिजे. परदेशात म्हणे आजोबांचा सूट दुकानात टांगलेला मिळतो. आपल्याकडं कापडाचं आयुष्य वेगळं. शर्ट विटला की बोहारणीकडं जातो आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येतं, नाहीतर वाकळेत शिवला जातो, वाकळ फाटली की पोतेरं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची रोजच्या वापरातली पँट कोल्हापुरात शोधून सापडायची नाही. लग्नातला कोट सापडेल, तोही कसर लागलेला. म्हणून या मुलाचे सगळे कपडे नवेकोरे, फक्त जुन्या मापाने शिवलेले. शिवणारे लक्ष्मीपुरीतले एक टेलर मास्तर, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडं पुढं येतोच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी हा डिझाइनर फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतून झालेलं कास्टिंग घासून साफ करतात तिथं, गेला. एका कास्टिंगला सारखी फिन (कडेला जादा पातळ पापुद्रा) येत होती, साच्याचे दोन भाग नीट बसत नव्हते, आणि दोष पॅटर्नचा की मोल्डिंगवाल्यांचा यावरून वाद होता. ग्राइंडर चालू होता. तो साताठ फुटांवर वाकून कास्टिंग बघत होता. गॉगल होता, सेफ्टी शूज होते, डोक्यावर हेल्मेट. पाच मिनिटं थांबून तो परत निघाला आणि जिन्यापाशी त्याला उदबत्तीसारखा वास आला. तो स्वतःच म्हणाला, "मला वाटलं हापिसात पूजा चाललीय." मग घोट्याला चटका बसला. पँटच्या उलट्या घडीतून बारीक धूर येत होता. मागून येणाऱ्या फेटलिंगच्या मामांनी हातातली पाण्याची बाटली त्याच्या पायावर रिकामी केली. पँटला हरभरा जाईल एवढं भोक आणि घोट्यावर एक फोड, एवढ्यावर निभावलं.

हे कसं झालं ते समजायला मी ती पँट मागवली आणि दुसऱ्या पायाची न जळलेली घडी टेबलावर पांढऱ्या कागदावर उलटी करून झटकली. त्यातून काय पडावं? चहाच्या चमच्याने दोन चमचे लाकडाचा भुसा. हा माणूस दिवसभर पॅटर्न शॉपमध्ये असतो. तिथं सागवान तासलं जातं, सँडर चालतो. बारीक भुसा उडतो आणि दोन इंच खोल घडी म्हणजे त्याच्यासाठी आयती परडी. भुशाबरोबर कापसाची लव, थोडी मोल्डिंगची वाळू. ग्राइंडरची ठिणगी एरवी पँटवर आपटून खाली पडली असती. इथं ती भुशात जाऊन बसली आणि धुमसत राहिली. वेल्डर लोकांना आणि फौंड्रीवाल्यांना हे फार जुनं ठाऊक आहे : ठिणग्यांजवळ जाणाऱ्या पँटला घडी ठेवायची नाही, वरचा खिसा उघडा ठेवायचा नाही. पण डिझाइनर ऑफिस स्टाफमध्ये मोडतो, त्यामुळं त्याला हे कुणी सांगायची वेळच आली नव्हती.

आता एचआरचा मेल. त्यात घटनेचा उल्लेख तीन ओळींत होता आणि पुढं दीड पान त्याच्या दिसण्यावर. कपडे 'नाटकी' आहेत. पुढच्या महिन्यात पुण्याहून ग्राहक कंपनीचे ऑडिटर येणार, ते काय म्हणतील. कामगार हसतात, शिस्त बिघडते. चपलेचा कर्रकर्र आवाज अकाउंट्सवाल्यांना त्रास देतो. यापुढं साधा फॉर्मल शर्ट, फॉर्मल पँट आणि काळे बूट. जुन्या फॅशनचे कपडे बंद. आधाराला राज्य सरकारचं ८ डिसेंबर २०२० चं परिपत्रक जोडलेलं. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लीपर नको आणि शुक्रवारी खादी वापरा असं सांगितलं होतं. मी मॅडमना विचारलं, "हे सरकारी नोकरांसाठी. तुमची कंपनी खाजगी. आणि खादी तर हा मुलगा शुक्रवारी काय, मंगळवारीही घालतो." मॅडम हसल्या. "सर, मला कळत नाही असं समजू नका. मी पण दसऱ्याला नऊवारी नेसतोच की. पण आज याला सोडलं आणि उद्या कोण बर्म्युडा घालून आला, तर त्याला कुठल्या तोंडानं बोलू?"

मॅडमचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्यात खोट होती असंही नाही. नियम लावणाऱ्याला सगळ्यांना एक माप लावायचं असतं. अडचण वेगळीच निघाली. मी तिथं दोन दिवस होतो. अकरा जणांशी बोललो : प्लँट हेड, शिफ्ट सुपरवायझर, अकाउंट्स, कॅन्टीनवाला, डिझाइनर स्वतः. प्रत्येकजण मला ते कपडे कसे दिसतात हे सांगत होता. चांगले दिसतात, विचित्र दिसतात, बापासारखा दिसतो, साहेबासारखा दिसतो. ते कपडे कशाचे आहेत, हे अकरातल्या एकानेही सांगितलं नाही. डिझाइनरनेही नाही. तोही मला कॉलरच्या टोकांची लांबी सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी फेटलिंगमध्ये त्याच मामांशी बोलताना माझं लक्ष त्यांच्या पँटकडं गेलं. कंपनीचा युनिफॉर्म, निळसर राखाडी टेरिकॉट, पॉलिएस्टर आणि कापसाचं मिश्रण. मांड्यांवर आणि पोटरीवर बारीक काळे ठिपके, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, हात फिरवला तर टोचणारे. "हे काय हो मामा?" "ठिणग्या की. चिकटत्यात." "चिकटतात म्हणजे?" त्यांनी बाही वर केली. हातावर तसेच ठिपके होते, कातडीचे. "ह्ये जुनं हाय. आता कळत बी न्हाई."

साठ-सत्तरच्या दशकात टेरिलीन आणि टेरिकॉट आलं तेव्हा ते सगळ्यांना आवडलं, आणि का आवडलं तेही उघड आहे. इस्त्री मोडत नाही, धुतलं की वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं. कारखान्यांच्या युनिफॉर्मसाठी तेच लागलं, कारण ठेक्यात स्वस्त पडतं आणि नीटनेटकं दिसतं. पण पॉलिएस्टर अडीचशे ते दोनशे साठ अंशांना वितळतं. भट्टीतून लेडलमध्ये ओतला जाणारा बीडाचा रस तेराशे पन्नास ते चौदाशे अंशांचा असतो. त्याचा थेंब किंवा ग्राइंडरची ठिणगी अंगावर आली की पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि खरी जखम त्या चिकटण्याने होते. कापूस वितळत नाही, तो करपतो किंवा जळतो. लोकर तर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा विझते.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून आम्ही स्क्रॅप यार्डाशेजारी चार तुकडे लाकडी फळीवर खिळ्यांनी ठोकले : कंपनीचं टेरिकॉट, डिझाइनरच्या पँटची जाड खादी, त्याच्या एका कोटाच्या कापडाचा उरलेला लोकरी तुकडा आणि प्लँट हेडच्या जुन्या जीन्सचा पाय. आधी ग्राइंडरच्या ठिणग्या, प्रत्येक तुकड्यावर दीड फुटावरून सारखाच वेळ. मग गरम करून लाल केलेली सळई. टेरिकॉटला क्षणात भोकं पडली, कडा कडक होऊन चकाकू लागल्या, आणि सळई काढताना तिच्याबरोबर चिकाच्या तारा आल्या. लोकर आकसली, केस जळाल्याचा वास सुटला आणि तिथंच थांबली. जीन्स करपली. आणि खादी? खादीनं दगा दिला. सळई काढल्यावरही तिची कड लाल होऊन हळूहळू पुढं सरकत राहिली, शेवटी बोटानं दाबून विझवावी लागली. डिझाइनरचं तोंड पडलं. मी त्याला म्हणालो, हेही लिहिणार आहे. जुनं म्हणजे सुरक्षित असं काही नसतं. भट्टीजवळच्या माणसाला ज्वालारोधक प्रक्रिया केलेलं सुती कापडच हवं. आयएसओ ११६१२ हे त्यासाठीचं मानक आहे आणि त्यात वितळलेल्या लोखंडाच्या शिंतोड्यांसाठी 'ई' अशी वेगळी वर्गवारी आहे. आमचा फळीवरचा खेळ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पण प्लँट हेडनी ती चिकाची तार नखानं ओढून बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

जाता जाता कायद्याचं. कारखाने अधिनियम, १९४८ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली) याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते मालकाने पुरवायचे असं म्हटलं होतं. गॅलिसचा लोंबता पट्टा किंवा टाय फिरत्या शाफ्टजवळ नको, यावर कुणाचं दुमत असायचं कारण नाही. डिझाइनर टाय घालत नव्हता. गॅलिस घालायचा, पण फ्लोअरवर जाताना वरून कंपनीचं जॅकेट चढवायचा. ते बरोबरच होतं.

चपलेचं प्रकरण निराळं, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त गंमत वाटली.

फ्लोअरवर त्याने चप्पल कधीच घातली नव्हती. लॉकरमध्ये सेफ्टी शूज ठेवायचा, जाताना बदलायचा. तक्रार होती ती वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातली. कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीचं नाव सांगणारी चप्पल : जाड तळ, दोन्ही बाजूंना कान, मधून वेणीचा पट्टा, अंगठ्याला कडी. कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले. कोरड्या थरांवर वजन पडलं की ती करकरते. आमच्या लहानपणी त्या करकरीसाठी लोक चार पैसे जास्त मोजत, चालणारा माणूस गल्लीच्या तोंडावर आला की घरात कळायचं. फरशीच्या, बंद खिडक्यांच्या, एसीच्या ऑफिसात तोच आवाज दिवसातून चाळीस वेळा ऐकायचा म्हणजे अकाउंट्सच्या बाईंची बाजू मला पूर्ण मान्य आहे. मार्चएंडला तर जास्तच.

मेलमध्ये लिहिलं होतं 'चप्पल चालणार नाही'. आणि कंपनीचे एमडी स्वतः दर शनिवारी पांढऱ्या कुर्त्यावर कोल्हापुरी घालून येतात. मी हे त्यांच्यासमोरच काढलं. ते ओशाळले नाहीत. म्हणाले, "माझी वाजत नाही." खरं होतं. त्यांची जुनी, तेल मुरलेली, तळ मऊ झालेला. मग त्यांनीच विषय वाढवला. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तसलीच चप्पल रॅम्पवर चालली आणि आपल्याकडं केवढा गहजब झाला. "तिकडं रॅम्पवर चालती, आणि गोकुळ शिरगावात चालत न्हाई, ह्ये काय बरं दिसत न्हाई मॅडम." मॅडम म्हणाल्या, "चालूंदे सर. वाजू नको."

मग ठरलं ते असं : चपलेला तळाकडून आणि शिवणीवरून तेल द्यायचं, आठवडाभर रोज थोडं. त्याने थर मऊ होतात, घासणं कमी होतं आणि पट्टा पायाला चावायचाही कमी होतो. डिझाइनरला ते जिवावर आलं, कारण त्याला ती करकरच हवी होती. शेवटी त्याने एक वाजणारी जोडी रविवारसाठी ठेवली आणि एक मुकी ऑफिससाठी केली.

त्याच्या लेदर सोलच्या बुटांबद्दल मात्र मी कडक लिहिलं. ते बूट ऑफिसात देखणे. पण ऑफिसातून पॅटर्न शॉपला जायचा जवळचा रस्ता मशीन शॉपच्या लोखंडी जिन्यावरून आहे आणि त्या जिन्यावर कटिंग ऑइलचा थर असतो. गुळगुळीत चामड्याचा तळ आणि तेल म्हणजे घसरगुंडी. इथं ठिणगी-भट्टीचा संबंधच नाही, नुसता कंबरडं मोडायचा प्रश्न. पुढच्या अर्ध्या तळाला रबर लावून घे, किंवा लांबच्या रस्त्याने जा. त्याने रबर लावून घेतलं. जुन्या फॅशनच्या जाणकाराला ते दिसतं म्हणे. दिसू दे.

याच बोलण्यात त्याने विचारलं, "सर, बुटावर स्पॅट्स घातले तर?" जुन्या फोटोंत साहेब लोकांच्या बुटांवर पांढऱ्या कापडाची, बाजूला बटणं असलेली टोपणं दिसतात, ती. मला हसू आवरेना, कारण फौंड्रीत स्पॅट्स असतातच. रस ओतणाऱ्यांच्या घोट्यावर आणि बुटाच्या वरच्या भागावर बांधायला चामड्याची, पटकन सोडता येतील अशी. नाहीतर रसाचा थेंब बुटात शिरतो, आणि नाड्यांचा बूट असेल तर तो वेळेत निघत नाही. मी स्टोअरकीपरला विचारलं. खालच्या रॅकवर पुठ्ठ्याच्या खोक्यात वीस जोड होते, पट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. का वापरत नाही? ओतकामवाल्यांपैकी एक तरुण म्हणाला, "सर्कशीतल्या जोकरावाणी दिसतंय सर. पोरं हसत्यात." सगळ्यात जुनी फॅशन स्टोअरमध्ये पडून होती आणि ती न घालण्याचं कारणही 'दिसतं कसं' हेच.

आता मास्तर.

डिझाइनर घड्या सोडायला तयार नव्हता. जळालेली पँट दाखवली, भुसा दाखवला, तरी म्हणाला, "सर, १९४० ची पँट बिनघडीची म्हणजे जानवं नसलेला भट." मी वाद घातला नाही, त्याला घेऊन लक्ष्मीपुरीत गेलो. दुकान दहा बाय आठचं. एक पायमशीन, भिंतीला कैच्यांची ओळ, खडूचे तुकडे ठेवायला पितळी वाटी. मास्तर पँटचं आसन, म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतचं माप, मोजत होते. "तेरा घातलंय. कंबर म्हंजे कंबर. हल्ली सगळी ढुंगणावर लटकवत्यात. वाकला की पाठ उघडी." मी घडीचं विचारलं. ते डिझाइनरकडं चष्म्यावरून बघत म्हणाले, "फौंड्रीत घालतोस व्हय ही? मला सांगितला न्हाईस. उद्यमनगरातल्या मिस्त्रींची कापडं शिवल्यात मी, ऑइल इंजिनवाल्यांची. एकाच्या पँटीला कधी घडी ठिवली न्हाई. त्यांना पायजे बी न्हाई असायची. वरनं डांगरी."

डांगरी शब्द आला आणि मला बरं वाटलं, कारण ती जाड सुती डांगरी म्हणजे त्या काळातल्या कामगाराचा खरा पोशाख. इंग्रजीतला 'डंगरी' शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला असं मानतात, तिथून ते कापड बोटीवर चढायचं. हा मुलगा तीन वर्षं १९४० च्या ऑफिसबाबूची नक्कल करत होता आणि काम मात्र फौंड्रीत होतं. त्याच काळातल्या फौंड्रीवाल्याचे कपडे त्याने बघितलेच नव्हते, कारण त्यांचे फोटो कुणी काढून घेत नाही.

मी मग माझा शेवटचा पत्ता टाकला. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा १९४२ साली ब्रिटनमध्ये पुरुषांच्या पँटला घडी ठेवायला सरकारनेच बंदी केली होती. चुण्या, खिसे, बटणं, सगळ्यावर मोजमाप आलं. इकडंही कापड रेशनवर गेलं होतं. म्हणजे १९४३ ची पँट अगदी काटेकोरपणे करायची तर बिनघडीचीच करावी लागेल. तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे बरोबर आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं." जळालेल्या घोट्याने जे झालं नाही ते या एका वाक्याने झालं. हौशी माणसाला त्याच्या हौसेतूनच पटवावं लागतं, हे मी पूर्वीही पाहिलंय, पण इतकं झटपट नव्हे.

मास्तरांनी खाकी ड्रिल काढलं. जाड, शंभर टक्के सुती. "हे रातभर भिजत घालायचं, मग वाळवून कापायचं. न्हाईतर पहिल्या धुण्यात आकसतंय आणि घोटा दिसतोय." डिझाइनर एकदम खुलला. पॅटर्न करतानाही हेच असतं, बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. "बीडाला आम्ही मीटरमागं दहा मिलिमीटर धरतो मास्तर." मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. "आणि तेवढंच आकसतंय? दरवेळी?" "साधारण." "मग तुझं लोखंड माझ्या कापडापेक्षा इमानी हाय बाबा." दोघं पाऊण तास बोलत बसले. मी चहा पिऊन निघालो.

माझा अहवाल सहा पानांचा झाला. कपड्याच्या फॅशनवर बंदी घालू नका, कापडावर आणि शिलाईवर नियम करा, एवढाच गाभा. फ्लोअरवर जाणाऱ्या कुणाच्याही पँटला घडी नको, मग तो डिझाइनर असो की एमडी. पॉलिएस्टर कुणाच्याही अंगावर नको, मग युनिफॉर्म असला तरी. लोंबतं काही नको. ओतकामावर ज्वालारोधक सुती जॅकेट, खोक्यातले स्पॅट्स बाहेर. ऑफिसात पादत्राण बंद असो वा उघडं, तळ न घसरणारा हवा. कंबर कुठं, कॉलर किती लांब, हा कंपनीचा विषय नाही.

यातलं काय झालं? ओतकाम आणि फेटलिंगच्या कायम कामगारांचा युनिफॉर्म बदलला, सुती झाला. कंत्राटी कामगारांचा कंत्राटदाराकडं 'विचाराधीन' आहे. मी पाच महिन्यांनी गेलो तेव्हाही विचार चालूच होता. स्पॅट्स बाहेर आले, निम्मे लोक घालतात. पुण्याचे ऑडिटर येऊन गेले. त्यांनी डिझाइनरकडं एकदा बघितलं, मग साच्याच्या वाळूच्या चाचण्यांच्या नोंदी मागितल्या आणि दिवसभर त्यातच खोड्या काढत बसले. मॅडमनी मेल मागं घेतला नाही, पण पुन्हा पाठवलाही नाही. कोल्हापुरी पद्धतीनं याला मिटलं म्हणतात.

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला तसा डिझाइनर गमबुटात यायला लागला. कातडी तळ पाण्यात फुगतो, थर सुटतात, हे त्यानं एका जोडीची किंमत मोजून शिकलंय. मुकी चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते आणि ऑफिसच्या दारात पायात जाते.

परवा लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला गेलो होतो, म्हणून मास्तरांकडं डोकावलो. दुकानात फेटलिंगचे मामा बसले होते. कंपनीचा नवा सुती युनिफॉर्म बरा आहे, पण पँटची कंबर खाली बसते, वाकून ग्राइंडिंग करताना शर्ट वर सरकतो आणि पाठीवर ठिणग्या येतात, अशी त्यांची तक्रार. पिक्चरची पँट त्यांनी इतके दिवस बघितली होती. स्वतःच्या पैशानं ड्रिलच्या दोन शिवायला टाकल्या होत्या. मास्तर खडूनं खूण करत होते.

"आसन किती घालू?"

"त्येच्याएवढंच घाला. गॅलिस नको मास्तर, लोकं हसतील."